फुलझाडांचं घरचं बी: दसऱ्यापासून मृगापर्यंत कसं धरायचं आणि कसं जपायचं

दर जूनमध्ये तीच तक्रार कानावर येते: घरचं बी टाकलं, पण काहीच उगवलं नाही. मग नर्सरीतून पाकीट येतं आणि घरच्या बियाण्यावरचा विश्वास उडतो. खरं तर दोष बियाचा नसतोच. ते कच्चं खुडलेलं असतं, अर्धवट वाळलेलं असतं, नाहीतर चांगलं वाळूनही मे-जूनच्या हवेत सादळलेलं असतं.

आपल्याकडे शरदात, म्हणजे आश्विन-कार्तिकात धरलेलं बी पेरायला थेट मृग उजाडतो. मधले सात-आठ महिने त्याला एप्रिल-मेच्या उन्हाळ्यातून आणि वळवाच्या दमट हवेतून जावं लागतं. 'वाळवा, कागदाच्या पुडीत बांधा, कपाटात ठेवा' हा सल्ला थंड आणि कोरड्या हवेच्या प्रदेशात चालतो. मुंबई, कोकण, गोव्यात कागदाची पुडी हवेतला ओलावा ओढून घेते आणि मृगापर्यंत आतलं बी निकामी होतं. म्हणून पुढच्या टप्प्यांमध्ये वाळवण आणि साठवण यांना सगळ्यात जास्त जागा दिली आहे. टप्प्यांचा क्रम मोडू नका, कारण निम्म्या चुका क्रमातच होतात: ओलं असतानाच साफ करणं, पूर्ण वाळायच्या आत बरणीत भरणं, नाव लिहायचं काम शेवटी ठेवणं.

टप्पा १: कोणाचं बी धरायचं, कोणाचं नाही

हे भाद्रपदात, फार तर नवरात्राच्या आधी ठरवा.

घरी बी धरायला सोपी झाडं म्हणजे झेंडू, झिनिया, कॉसमॉस, तेरडा, गोकर्ण, गुलबक्षी, सदाफुली, कोंबडा, गणेशवेल आणि ऑफिस टाइम. अबोलीचंही बी धरता येतं, मात्र तिची तऱ्हा वेगळी आहे. ती चौथ्या टप्प्यात येईल.

शेवंती, मोगरा, गुलाब आणि कुंडीतली जास्वंद यांच्या बियामागे लागू नका. ही झाडं फुटव्यांपासून, छाटाच्या कांड्यांपासून किंवा कलमानं वाढवायची असतात. निशिगंध कंदापासून लावायचा.

संकरित वाणांचा प्रश्न वेगळा आहे. पाकिटावर 'एफ१' किंवा 'संकरित' असं छापलेलं असेल तर त्या झाडाचं बी उगवतं, पण पुढची पिढी एकसारखी येत नाही. एक झाड उंच, एक बुटकं, एकाला भरगच्च फूल, दुसऱ्याला विरळ पाकळ्यांचं. बाजारातला मोठ्या गोंड्याचा झेंडू बराचसा असाच असतो. 'गेल्या वर्षीचं फूल केवढं होतं आणि यंदा एवढंसंच आलं' यामागे माती किंवा खत कमी पडलं असं बहुतेक वेळा नसतं, तर संकरित वाणाचं गुण फुटणं असतं. मिश्र फुलं चालणार असतील तर खुशाल बी धरा. नेमका तोच रंग आणि तोच आकार हवा असेल तर घरी वर्षानुवर्षं चालत आलेल्या सरळ वाणाचं बी धरा.

> सावध: दसऱ्याच्या तोरणातला सुकलेला झेंडू चुरगळून कुंडीत टाकायची पद्धत घरोघरी आहे. बाजारातलं फूल ऐन उमलल्यावर तोडलेलं असतं आणि तेव्हा त्यातलं बी भरलेलं नसतं. कधीतरी चार रोपं येतात, कारण हारात एखादं झाडावर जास्त दिवस राहिलेलं फूल येऊन जातं. पण त्यावर पुढच्या वर्षाची बाग अवलंबून ठेवू नका.

टप्पा २: झाड हेरा, खूण बांधा, खुडणं थांबवा

हंगाम सरताना झाडावर उरलेली चार फुलं बियासाठी ठेवायची सवय बहुतेकांना असते. हे अगदी उलट आहे. उरतात ती फुलं थकलेल्या झाडाची, उशिरा आलेली आणि लहान असतात. बियासाठी पहिल्या-दुसऱ्या बहरातली, मुख्य फांदीवरची, सगळ्यात चांगली फुलं सोडा. देवाला वाहायच्या किंवा हारात ओवायच्या फुलांतली उत्तम फुलं बाजूला ठेवायची म्हटलं की हात आखडतो, हे खरं आहे. पण बागेत पुढच्या वर्षी काय येणार ते याच निवडीवर ठरतं.

झाड पाहताना नुसतं फूल पाहू नका, पूर्ण झाड पाहा. फांद्या भरपूर आहेत का, पावसात कोलमडलं नाही ना, शेजारची झाडं मरगळली तेव्हा हे ताठ राहिलं का. निवडलेल्या झाडाला किंवा फुलाच्या देठाला रंगीत लोकरीचा तुकडा सैल बांधा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. खूण नसलेलं फूल सकाळी पूजेच्या तबकात जातं.

आजारी झाडाचं बी घेऊ नका. पानं चट्टेरी पिवळी, आकसलेली किंवा वेडीवाकडी झाली असतील, झेंडूच्या पाकळ्या हिरवट होऊन फूल पानासारखं दिसू लागलं असेल, तर ते झाड उपटून टाका. झिनियाच्या पानांवर तपकिरी करड्या ठिपक्यांचा करपा असेल तर तो बियाबरोबर पुढच्या वर्षी परत येतो.

रंग शुद्ध राखायचा असेल तर परागीभवनाचा विचार करावा लागतो. झेंडू, झिनिया आणि कॉसमॉस या फुलांवर मधमाश्या-फुलपाखरं फिरतात आणि दोन रंग शेजारी असले की सरमिसळ होते. तेरडा आणि गोकर्ण बरेचसे आपल्याच परागावर बी धरतात, त्यामुळे निळ्या गोकर्णाला बहुतेक निळंच फूल येतं. छोट्या बागेत झिनियाचे रंग लांब लांब लावायला जागा नसते. तिथे एका वर्षी एकच रंग लावणं हा उत्तम उपाय. जाळीदार पिशवी बांधून कळी झाकता येते, पण मग झिनिया आणि झेंडूमध्ये हातानं पराग लावावा लागतो, नाहीतर पिशवीत फूल सुकतं आणि हाती पोचट बी येतं.

टप्पा ३: तोडणीआधी तयारी

फार काही लागत नाही. कागदी पाकिटं किंवा वर्तमानपत्राचे पुडे, मलमलीच्या छोट्या पिशव्या, पेन्सिल, कात्री, एक सूप किंवा मोठी ताटली, पिठाची आणि रव्याची अशा दोन चाळण्या, रबर बसवलेल्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या आणि सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषून घेणारे दाणे. पाकिटांवर नाव आणि रंग तोडणीआधीच लिहा. पेननं लिहिलेलं ओलाव्यानं पसरतं, म्हणून पेन्सिल. वाळल्यावर लाल आणि गुलाबी तेरड्याचं बी हुबेहूब सारखं दिसतं. तेव्हा 'लक्षात राहील' या भरवशावर राहू नका.

प्लास्टिकची पिशवी तोडणीच्या वेळी वापरू नका. ताज्या फुलांचा ओलावा आत कोंडतो आणि एका रात्रीत बुरशी धरते.

टप्पा ४: तोडणी

पाऊस थांबून निदान दोन कोरडे दिवस गेलेले असावेत. वेळ सकाळी दहा-अकरानंतरची, दव पूर्ण उडाल्यावरची. परतीचा पाऊस येणार असेल तर मात्र वाट पाहू नका. पिकत आलेली बोंडं देठासकट तोडून घरात उलटी टांगा. शेवटचं पिकणं घरातही होतं. पूर्ण हिरवं बोंड घरात पिकत नाही, ते नुसतं सुकतं.

आता एकेकाची रीत.

*झेंडू.* फूल उमलल्यापासून बी पिकायला महिना-सव्वा महिना लागतो. दसऱ्याच्या सुमारास उमललेलं फूल तुळशीच्या लग्नापर्यंत झाडावर राहू द्या. पाकळ्या सुकल्या म्हणजे बी पिकलं असं नाही. पाकळ्यांखालचा हिरवा पेला तपकिरी व्हायला हवा आणि खालचा देठही दोन बोटं सुकलेला दिसायला हवा. मग फूल तोडून पेला फाडा. आत काळ्या काड्या आणि त्यांना गवती रंगाचं शेपूट दिसेल. काळा भाग म्हणजे बी. तो नखाखाली दाबल्यावर कडक लागला तर भरलेला, चपटा होऊन वाकला तर पोचट. भरगच्च गोंड्याच्या फुलात पोचट काड्याच जास्त असतात, म्हणून अशी फुलं जरा जास्त ठेवा.

*झिनिया.* फूल तपकिरी आणि खडखडीत झाल्यावर तोडा. बाहेरच्या पाकळीच्या बुडाशी बाणाच्या टोकासारखं चपटं बी असतं, मधल्या भागात त्याहून बारीक बी असतं. दोन्ही उगवतात. पाकळी ओढली की बी तिच्याबरोबरच निघतं.

*कॉसमॉस.* बी सुईसारखं लांब असतं आणि पिकल्यावर चांदणीसारखं पसरतं. पसरलं की वाऱ्यानं दोन दिवसांत गळून जातं. म्हणून रोज फेरी मारा आणि काळपट झालेले झुबके तेवढे काढा.

*तेरडा.* गौरींच्या सुमाराला फुललेल्या तेरड्याची बोंडं नवरात्राच्या आसपास पिकू लागतात. पिकलेलं बोंड बोट लागताच फुटून बी चारी दिशांना उडवतं. बोंड फुगून हिरव्याचं फिकट पिवळसर झालं की तळहाताची मूठ त्याभोवती आधी बंद करा, मग दाबा. सगळी बोंडं एकदम पिकत नाहीत. रोज फेरी जमणार नसेल तर फांदीला मलमलीची पिशवी बांधून ठेवा. बी तपकिरी असलं तरच घ्या. पांढरं निघालं तर शेजारची बोंडं आणखी चार दिवस राहू द्या.

*गोकर्ण आणि गणेशवेल.* ही सगळ्यात सोपी. गोकर्णाची शेंग वेलावरच वाळून तपकिरी झाली आणि हलवल्यावर खुळखुळली की तोडा. आणखी थांबलात तर ती पीळ खाऊन उकलते आणि बी खाली जातं. शेंगेवर बारीक गोल भोक दिसलं तर आत भुंगा शिरलेला आहे, ती शेंग बाजूला काढा. गणेशवेलाचं बोंड गवती रंगाचं होऊन कुरकुरीत झालं की घ्या.

*गुलबक्षी.* प्रत्येक फुलाला एकच बी येतं. हिरवं, मग काळं, मग हात लागताच गळणारं. काळं झालेलंच घ्या. झाडाखाली पडलेलं वेचलं तरी चालतं, पण रोजच्या रोज वेचा. मातीत ओलं राहिलं तर ते तिथेच रुजू लागतं.

> सावध: गुलबक्षीचं बी दिसायला काळ्या मिऱ्यासारखं असतं आणि ते विषारी आहे. सदाफुलीचं झाडही विषारी आहे. गोकर्णाच्या बियांनी उलट्या-जुलाब होऊ शकतात. ही बियाणी स्वयंपाकघरात, मसाल्याच्या जुन्या डब्यांत किंवा मुलांच्या हाताला लागतील अशा जागी अजिबात ठेवू नका. हाताळल्यावर साबणानं हात धुवा.

*सदाफुली.* फूल गळल्यावर देठाशी बारीक शेंगांची जोडी येते. पानांच्या गर्दीत ती दिसत नाही, म्हणून 'सदाफुलीला बी येत नाही' असं अनेकांना वाटतं. शेंग हिरवी असताना आत बी कच्चं असतं. पूर्ण सुकली की ती एका बाजूनं उकलते आणि बी सांडतं. मधली अवस्था, म्हणजे हिरव्याचं पिवळट-तपकिरी होणं, हीच तोडण्याची वेळ. तोडून कागदावर ठेवली की एक-दोन दिवसांत शेंग आपसूक उघडते. बी बारीक आणि काळं असावं.

*कोंबडा.* याच्या बाबतीत लोक उशीर करतात. तुऱ्याचा रंग गेला नाही म्हणून थांबतात, पण तुरा रंगीत असतानाच त्याच्या खालच्या भागातलं काळं चकचकीत बी पिकून गळू लागलेलं असतं. तुरा कागदावर धरून खालची कड बोटांनी चोळा. बी पडू लागलं तर तुरा कापायची वेळ झाली.

*ऑफिस टाइम.* बारीक बोंडाला टोपण असतं. पिकल्यावर बोटानं ढकललं की टोपण सुटतं आणि आत करड्या चमकदार बारीक बिया दिसतात. खाली वाटी धरूनच टोपण काढा.

*अबोली.* हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण कोकण-गोव्यात आणि देशावरही अबोली सगळ्यांना हवी असते आणि तिचं बी मात्र फार थोड्यांच्या हाती लागतं. आधी आपली अबोली कोणती ते पाहा. 'दिल्ली अबोली' नावानं विकली जाणारी मोठ्या फुलांची नारिंगी जात वांझ असते. तिला बी धरत नाही, ती छाटाच्या काडीनंच लावायची. बाकीच्या अबोलीच्या कणसात फुलं सरल्यावर आत बोंडं राहतात आणि कणीस वाळून तपकिरी होतं. या बोंडांचा स्वभाव तेरड्याच्या उलट. कोरडी असताना ती शांत असतात आणि पाणी लागलं की फुटतात. परतीच्या पावसाची एक सर आली की पिकलेली सगळी बोंडं उडून जातात आणि माणसाला रिकामं कणीस दिसतं. म्हणून पाऊस यायच्या आत, कोरड्या दुपारी, तपकिरी कणसं कापून आणा. ती खोल पातेल्यात ठेवा, पाण्याचे चार थेंब शिंपडा आणि वर कापड झाका. थोड्या वेळात आत फटफट आवाज येऊ लागतील. आवाज थांबले की चपट्या बिया वेचा आणि ताबडतोब कोरड्या कापडानं टिपून वाळत घाला. हे बी फार दिवस टिकत नाही, पुढच्याच हंगामात पेरून टाका.

> पडताळा: कोणत्याही झाडाची तोडणी करण्याआधी एक बोंड किंवा फूल फोडून पाहा. बी त्याच्या पक्क्या रंगाचं आहे, टणक आहे, नख रुतत नाही. तिन्ही जुळलं तरच बाकीची तोडा.

टप्पा ५: पहिली वाळवण, सालपटासकट

तोडलेली फुलं आणि शेंगा आहेत तशाच कागदावर एका थरात पसरा. सावली हवी, वारा हवा. पंख्याखालची खोली उत्तम. ऑक्टोबर हीटचं ऊन पाहून गच्चीत कापड अंथरायचा मोह होतो, तो टाळा. गच्चीची फरशी आणि पत्रा दुपारी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतात आणि बियातला अंकुर त्या उष्णतेनं मरतो. बाहेरून बी छान कोरडं दिसतं, म्हणून चूक कळते ती थेट जूनमध्ये.

देशावर आणि विदर्भात आठवडा पुरतो. किनारपट्टीला दहा-बारा दिवस धरा. संध्याकाळी कागद उचलून आत ठेवा, कारण या दिवसांत रात्री दव पडतं आणि दिवसभराची वाळवण रात्रीतून परत जाते. रोज एकदा हातानं खालीवर करा. प्रत्येक कागदावर नावाची चिठ्ठी हवीच.

तेरड्याची बोंडं फुटून बी उडतं, म्हणून ती झाकूनच वाळवा.

टप्पा ६: चोळणं, चाळणं, पाखडणं

सालपट हातात चुरचुरलं की मगच साफ करायला घ्या. फुलं तळहातांत हलकेच चोळा, शेंगा कापडात गुंडाळून दाबा. आधी मोठी चाळणी, मग बारीक. उरलेलं फोलपट सुपात पाखडा किंवा ताटलीवर हलकी फुंकर मारा. भरलेलं बी जड असतं, ते जागेवर राहतं. पोचट उडून जातं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

बी पाण्यात टाकून बुडणारं ठेवायचं आणि तरंगणारं फेकायचं ही युक्ती फुलझाडांसाठी वापरू नका. झेंडू, झिनिया आणि कॉसमॉसचं चांगलं बीसुद्धा हलकं असल्यानं तरंगतं, आणि वाळवलेलं बी विनाकारण भिजतं.

फोलपट शक्य तेवढं काढा. त्यातच ओलावा राहतो आणि कीड लपते.

टप्पा ७: दुसरी वाळवण

बहुतेक जण हा टप्पा करत नाहीत, आणि घरचं बी मुख्यतः इथेच वाया जातं.

सावलीत वाळवलेलं बी हवेइतकंच कोरडं होतं, त्याहून जास्त नाही. हवा दमट असेल तर बीही दमटच राहतं. ओलाव्याचा हिशोब फार सरळ आहे. बियाणं-शास्त्रात हॅरिंग्टन यांच्या नावानं ओळखला जाणारा एक ठोकताळा आहे: बियातला ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असताना तो १ टक्क्यानं उतरवला की बी टिकण्याचा काळ साधारण दुप्पट होतो, आणि साठवणीचं तापमान सुमारे ५ अंश सेल्सिअसनं उतरवलं की पुन्हा दुप्पट. घरात तापमान फारसं हातात नसतं. ओलावा मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, तोही थोड्याशा खर्चात.

रीत अशी:

१. बी पातळ कागदी पाकिटांत भरा. पाकीट अर्धंच भरा.

२. काचेच्या बरणीत तळाशी सिलिका जेल घाला, बियांच्या वजनाइतकं. बारीक बिया थोड्याच असतील तर जेल जास्त झालं तरी या काही दिवसांत बिघडत नाही.

३. वर पाकिटं ठेवा, झाकण घट्ट लावा. आठवडाभर उघडू नका.

४. आठवड्यानं पाहा. रंग बदलणारं जेल असेल तर निळ्याचं गुलाबी किंवा नारिंगीचं हिरवं झालेलं दिसेल. तसं असेल तर जेल बदला आणि आणखी तीन-चार दिवस ठेवा.

निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, तो अपायकारक आहे. मिळत असेल तर नारिंगी घ्या. जेल पुन्हा तापवून कोरडं करता येतं, पण त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.

सिलिका जेल मिळालं नाही तर तांदूळ. कोरड्या कढईत लालसर होईपर्यंत भाजा, गरम असतानाच दुसऱ्या बरणीत भरून झाकण लावून गार होऊ द्या, आणि मग बियांच्या बरणीत अर्ध्यापर्यंत घाला. गरम तांदूळ बियांवर ओतू नका. न भाजलेल्या तांदळाचा उपयोग नाही, त्यात आधीच ओलावा असतो. तांदळानं दुप्पट दिवस लागतात.

> पडताळा: झेंडू-कॉसमॉसचं लांब बी दोन बोटांत वाकवा. कट्कन मोडलं तर वाळलं, नुसतं वाकलं तर नाही. गोकर्ण आणि गुलबक्षीचं एक बी फरशीवर ठेवून वरवंट्यानं ठोका. फुटून तुकडे झाले तर ठीक. चेपलं गेलं तर बरणीत परत.

टप्पा ८: साठवण

वाळलेली पाकिटं कोरड्या बरणीत हलवा. तळाशी थोडं ताजं जेल राहू द्या, बियांच्या दहाव्या हिश्शाइतकं पुरे. प्रत्येक पाकिटावर झाडाचं नाव, रंग, तोडणीचा महिना आणि वर्ष. तीच माहिती लिहिलेली एक चिठ्ठी पाकिटाच्या आतही टाका. बाहेरचं लेबल सुटतंच कधीतरी.

जागा अंधारी आणि घरातली सगळ्यात गार हवी. माळा, गॅसच्या वरचं कपाट, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको. फ्रिज सगळ्यात चांगला, खालच्या खणात, दारात नाही. पण फ्रिजचा फायदा हवाबंद बरणीत पूर्ण वाळलेल्या बियालाच होतो. नुसत्या कागदी पुडीत ठेवलं तर फ्रिजमधला ओलावा बी ओढून घेतं.

फ्रिजमधून बरणी काढली की लगेच उघडू नका. बंदच अर्धा दिवस बाहेर राहू द्या. थंड बरणी दमट हवेत उघडली की काचेवर धरतं तसंच पाणी बियांवरही धरतं, आणि दोन महिन्यांची मेहनत दोन मिनिटांत जाते.

शेंगांत भुंगा दिसला असेल तर पूर्ण वाळलेलं बी हवाबंद डबीत चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. आतले किडे आणि अंडी मरतात. ओलं बी फ्रीझरमध्ये ठेवलं तर किड्यांबरोबर तेही मरतं. डांबरगोळ्या घालू नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा असेल तर तो खरोखर कुरकुरीत वाळलेला हवा. अर्धओला पाला बरणीत ओलावाच नेतो.

जास्तीच्या बियाचं काय करायचं, हा प्रश्न इथेच येतो. शेजाऱ्यांना द्या, शाळेच्या बागेला द्या. सीडबॉलमध्ये, म्हणजे मातीच्या गोळ्यांत घालून टेकड्यांवर, घाटात किंवा सड्यांवर मात्र फेकू नका. कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा आहे. पुण्याच्या टेकड्यांवर आणि सह्याद्रीतल्या रस्त्यांच्या कडेला तो किती पसरला आहे ते पावसाळा सरताना डोळ्यांनी दिसतं. लांबून अनेकांना तो सोनकीच वाटतो, पण सोनकी इथली आहे आणि तिला स्वतःची जागा हवी. त्याच कारणानं कास पठारासारख्या ठिकाणाहून रानफुलांचं बी आणणंही चूकच. परदेशी राहणाऱ्या मुलांच्या सामानात आठवणीनं घरच्या गोकर्णाची पुडी ठेवली जाते. बऱ्याच देशांत रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय बी न्यायला बंदी आहे, त्यामुळे त्या देशाचे नियम पाहिल्याशिवाय ती ठेवू नका.

टप्पा ९: मे महिन्यात उगवण तपासा, मग पेरा

मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक पाकिटातल्या दहा बिया काढा. सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा, बिया त्यात एकमेकींना न चिकटवता ठेवा, गुंडाळी करा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. फडकं ओलसर हवं, पाणी निथळता कामा नये. झेंडू, झिनिया आणि कॉसमॉस चार-पाच दिवसांत मोड काढतात. बाकीच्यांना दहा ते पंधरा दिवस द्या. अबोलीला त्याहून जास्त वेळ लागतो आणि तिचे मोड एकदम येत नाहीत, म्हणून महिनाभर धीर धरा.

दहातल्या सात किंवा जास्त उगवल्या तर नेहमीसारखं पेरा. चार ते सहा उगवल्या तर दुप्पट दाट पेरा. त्याहून कमी असतील तर उरलेलं सगळं बी याच वर्षी पेरून टाका, आणखी एक वर्ष ते निघणार नाही.

गोकर्णाची चाचणी घेताना आधी त्याच्या कठीण सालीला खरवडा. देठाकडचा डोळा सोडून दुसऱ्या बाजूला सँडपेपरवर दोन-तीनदा घासा आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं बी पेरा. न फुगलेलं पुन्हा घासून भिजवा. हे न केल्यामुळे चांगलं गोकर्ण 'मेलं' म्हणून फेकलं जातं.

पेरताना खोली बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. गुलबक्षी आणि गोकर्ण बोटाच्या एका पेराएवढं खोल चालतं. कोंबडा आणि ऑफिस टाइमचं बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून मातीवर भुरभुरा, वर माती ओढू नका, त्याला उजेड लागतो. सदाफुलीला उलट अंधार हवा. बारीक मातीचा थर द्या आणि मोड वर येईपर्यंत कुंडीवर पुठ्ठा झाकून ठेवा. मृगाची पहिली जोरदार सर या बारीक बियांना कुंडीतून वाहून नेते, म्हणून रोपं दोन पानांवर येईपर्यंत कुंड्या वळचणीखालीच असू द्या.